आधी खाटा, मग शाळा

वाशीम जिल्ह्यात जून-जुलैत पैसा घरात नसतो, वावरात असतो. बियाण्याच्या बॅगा, खत, पेरणीची मजुरी, पुढे फवारणी. हाताशी होते ते काळ्या मातीत गेलेले असते आणि सोंगणी होऊन सोयाबीन बाजार समितीत पोचेपर्यंत दसरा उजाडतो. २०२५-२६ च्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता. हमीभाव प्रत्यक्षात किती कास्तकारांच्या हाती पडतो, हा वेगळ्या लेखाचा विषय. नेमक्या या कोरड्या खिशाच्या दिवसांत बारावी विज्ञान झालेल्या मुलीला दाखले काढायचे असतात, प्रवेशाचा अर्ज भरायचा असतो, आणि ‘सीट आजच पक्की करा, उद्या राहणार नाही’ असे सांगणारा कुणीतरी बापाच्या फोनवर असतो.

या मुलींच्या बोलण्यात हल्ली नर्सिंगचे नाव वारंवार येते. कारणे सरळ आहेत. डॉक्टरकीची ‘नीट’ परीक्षा हाताबाहेरची वाटते. इंजिनिअर झालेला चुलतभाऊ पुण्याला कंत्राटी कामावर असतो. डी.एड. झालेली आत्या शिक्षक भरतीची वाट पाहत चाळिशीला आलेली असते. नर्सला मात्र काम मिळते, हे गावांनी कोविडमध्ये पाहिले. मे २०२० मध्ये मुंबईतल्या रुग्णांसाठी महाराष्ट्राने केरळ सरकारला पत्र लिहून ५० डॉक्टर आणि १०० परिचारिका मागितल्या होत्या. एवढे मोठे, श्रीमंत म्हणवणारे राज्य, आणि त्याला शंभर परिचारिका उसन्या मागाव्या लागल्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगात जवळपास २ कोटी ९८ लाख परिचारिका आहेत आणि तरीही सुमारे ५८ लाख कमी पडतात. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, त्यातही परिचारिका आहेत. म्हणजे मागणी खरी आहे. मागणी खरी असली की तिच्या आसपास दुकानेही उघडतात.

या वाटेवरच्या पहिल्याच फाट्यावर पुष्कळ घरे गोंधळतात, म्हणून तो आधी सांगतो. एएनएम हा नर्सिंगचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा. त्याला बारावीची कोणतीही शाखा चालते आणि तिथून उपकेंद्रातल्या आरोग्य सेविकेचे काम मिळते. जीएनएम तीन वर्षांचा. बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचा, आठ सत्रांचा, नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची पदवी देणारा. पदवीसाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हवे. खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के आणि मागास प्रवर्गाला ४० टक्के गुण लागतात, आणि प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत वयाची १७ वर्षे पूर्ण हवीत. जीएनएम केलेल्या मुलीला पुढे दोन वर्षांची पोस्ट बेसिक पदवी करता येते, त्यामुळे तो रस्ता बंद होत नाही. घरची ओढाताण पाहून आधी जीएनएम, मग नोकरी, मग पदवी असा क्रम लावणारी मुलगी काही चुकीचे करत नाही.

परीक्षेचे भय लोक उगीच फार बाळगतात. मध्यंतरी काही वर्षे बी.एस्सी. नर्सिंगचे प्रवेश नीटच्या गुणांवर होत. आता राज्याच्या सीईटी कक्षाची स्वतंत्र परीक्षा आहे. शंभर प्रश्न, शंभर गुण, दीड तास. भौतिक, रसायन, जीवशास्त्र, इंग्रजी आणि नर्सिंगचा कल तपासणारे प्रश्न, प्रत्येकी वीस. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. म्हणजे बारावीची पुस्तके ज्या मुलीने खरोखर वाचली आहेत तिला यात घाबरण्यासारखे काही नाही, आणि जिने नुसती अपेक्षित प्रश्नसंचांवर बारावी काढली तिला चार महिन्यांच्या महागड्या क्लासनेही फारसे हाती लागत नाही. तयारी करायचीच असेल तर दोन गोष्टींची करावी. जीवशास्त्राचे पाठ्यपुस्तक ओळ न् ओळ वाचावे, आणि इंग्रजी रोज मोठ्याने वाचावे. इंग्रजी वीस गुणांसाठी नको, पुढच्या चार वर्षांसाठी हवे. पहिल्याच सत्रात शरीररचना, शरीरक्रिया, समाजशास्त्र, मानसशास्त्र, नर्सिंग फाउंडेशन, सगळे इंग्रजीतून अंगावर येते. मंगरुळपीर किंवा रिसोडच्या मराठी शाळेतून आलेली हुशार मुलगी पहिल्या वर्षी अडखळते ती बहुतेक वेळा इथे. ‘संवादात्मक इंग्रजी’ हा विषय अभ्यासक्रमात घातला आहे, पण तो सुरू होईपर्यंत थांबण्यात अर्थ नाही.

खरी चाळणी लागते ती कागदांची.

मानोरा तालुक्यातल्या तांड्यावरची मुलगी घ्या. पोहरादेवी याच तालुक्यात, म्हणजे बंजारा समाजाची काशी इथेच. समाज विमुक्त जाती (अ) प्रवर्गात येतो. राखीव जागेवर प्रवेश घ्यायचा तर नुसता जातीचा दाखला पुरत नाही, जात वैधता प्रमाणपत्र लागते. त्यासाठी पूर्वज महाराष्ट्रात होते याचा जुना पुरावा लागतो: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा, इतर मागास वर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा. या तारखांना मानीव दिनांक म्हणतात. आता १९६१ च्या आधी तांड्यावर कोण शाळेत गेले होते? आजोबा गेले असतील तर दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा मिळतो. नसतील गेले, तर कोतवाल बुकाची नक्कल शोधा, जमिनीची जुनी नोंद शोधा, चुलत्याची आधी झालेली वैधता शोधा. वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ ला झाला. त्याआधी हा सारा मुलूख अकोला जिल्ह्यात होता, तेव्हा जुन्या दप्तराचा माग काही घरांना अकोल्यापर्यंत नेतो. आणि कामासाठी अर्धे वर्ष पुण्या-मुंबईकडे राहणाऱ्या बापाने हे सगळे कुठल्या सुटीत करायचे?

म्हणून बारावीचा निकाल लागल्यावर वैधतेच्या मागे लागणे म्हणजे निम्मी बाजी हरणे. अकरावी-बारावीतच कनिष्ठ महाविद्यालयाच्या पत्रासह जात पडताळणी समितीकडे अर्ज करता येतो. चांगले प्राचार्य मुलांच्या मागे लागून तो करवून घेतात, बाकीचे फळ्यावर सूचना लिहून मोकळे होतात. नॉन-क्रीमीलेअरचे तसेच. त्याची मुदत संपते, हे सेतू केंद्राच्या रांगेत उभे राहिल्यावर कळते. अधिवास, उत्पन्न, शाळा सोडल्याचा दाखला, वैद्यकीय तंदुरुस्ती, आधारवर आणि गुणपत्रिकेवर एकच नाव, एकच स्पेलिंग. यातले शेवटचे सगळ्यांत क्षुल्लक वाटते आणि सगळ्यांत जास्त दिवस खाते. मूळ कागद महाविद्यालयात जमा करताना पोच घ्यावी आणि त्याआधी सगळ्याचे स्कॅन स्वतःच्या फोनमध्ये ठेवावे, हा सल्ला मी भेटेल त्या पालकाला देतो.

पैशाच्या बाजूला एक मोठी गोष्ट झाली आहे, तरी ती गावापर्यंत नीट पोचलेली नाही. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागास वर्गातल्या, वार्षिक आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ झाले. अट अशी, की प्रवेश केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातल्या, संस्थेच्या पातळीवर भरलेल्या जागेला ही सवलत नाही. आता त्या फोनवरच्या माणसाचे वाक्य पुन्हा तपासा. तो जी सीट ‘आजच पक्की’ करायला सांगतो, ती बहुधा याच कोट्यातली असते. फेऱ्या लांबत जातात, कित्येकदा पावसाळा उलटतो, घरात अस्वस्थता वाढते आणि बाप कंटाळून, हातउसने घेऊन पन्नास हजार रुपये मोजतो. सहा आठवडे धीर धरला असता तर जी जागा फुकटात पडली असती, तिच्यासाठी पेरणीचा पैसा जातो. राहण्या-जेवणाचा खर्च उरतोच. त्यासाठी अनुसूचित जातींना स्वाधार, आदिवासींना स्वयं, इतर मागास आणि भटक्या-विमुक्तांना ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार अशा योजना आहेत. हप्ते उशिरा येतात. पण येतात.

आता मूळ मुद्दा. महाविद्यालय निवडताना पालक इमारत पाहतात. गेट, रंग, प्रवेशद्वाराशी फ्लोरेन्स नाइटिंगेलचा पुतळा, पांढऱ्या गणवेशातल्या मुलींचे फ्लेक्स. माझ्या मते पाहायची गोष्ट एकच: या शाळेला जोडलेल्या दवाखान्यात रोज किती खाटांवर माणसे झोपलेली असतात?

वाशीमला हे शिकण्यासाठी लांब जायची गरज नाही. अमेरिकेतल्या चर्च ऑफ द नाझरीनने १९३० च्या दशकात मेथडिस्ट मिशनकडून इथले काम हाती घेतले. १९३६ मध्ये डॉ. ऑर्फा स्पायकर भारतात आल्या आणि १९३८ मध्ये मिशनच्या जुन्या शाळेच्या इमारतीत त्यांनी दवाखाना सुरू केला: रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल. शाळेच्या वर्गांचे वॉर्ड झाले. रस्ते कच्चे, आणि बाळंतपणात अडलेली बाई बैलगाडीतून आणायची, असा तो काळ. स्पायकर शल्यचिकित्सक होत्या, बांधकामावर देखरेख करणाऱ्याही त्याच. दवाखाना चालू लागला तशी हातांची उणीव भासली. १९४५ मध्ये जीन डार्लिंग या परिचारिका आल्या आणि त्यांनी इथल्याच मुलींना शिकवून परिचारिका करण्याचे काम अंगावर घेतले. त्यातून जे प्रशिक्षण केंद्र उभे राहिले ते पुढे नाझरीन नर्सेस ट्रेनिंग कॉलेज या नावाने ओळखले गेले. मिशनचा हेतू धर्मप्रसाराचाही होता, तो झाकायचे कारण नाही. पण वऱ्हाडातल्या एका धुळकट तालुक्याच्या गावी, देश स्वतंत्र होण्याच्या सुमारास, मुलींना ताप मोजायला, जखम बांधायला, शस्त्रक्रियेत हत्यार हाती द्यायला शिकवले जात होते, हेही तितकेच खरे.

या गोष्टीतला क्रम ध्यानात घ्या. आधी दवाखाना, मग रुग्ण, मग अडचण, मग शाळा. लंडनला १८६० मध्ये नाइटिंगेलबाईंची शाळा निघाली ती सेंट थॉमस या चालत्या रुग्णालयात. मिरजेला वानलेस यांचे रुग्णालय १८९४ चे, परिचारिकांचे शिक्षण त्याच्या पोटातून आले. पुण्यात रमाबाई रानड्यांच्या सेवासदनाने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात विधवांना आणि गरजू बायांना या शिक्षणासाठी पाठवले ते ससून रुग्णालयात. तेव्हा घरंदाज बाईने परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा, ही कल्पनाच लोकांना सोसत नव्हती. तरी सेवासदनाने ते केले, आणि केले ते खऱ्या वॉर्डात.

जुन्या पद्धतीचे गोडवे मात्र गाऊ नयेत. तिथे विद्यार्थिनी म्हणजे बिनपगारी हात, असेच समीकरण बऱ्याच ठिकाणी होते. दिवसभर पाळी, रात्री व्याख्यान, झोपेत पेंगत टिपणे. शिक्षण रुग्णालयाच्या गरजेला बांधलेले होते. ते सोडवून विद्यापीठाकडे नेण्याचे श्रेय १९४६ मध्ये दिल्ली आणि वेल्लोरला सुरू झालेल्या पदवी अभ्यासक्रमांना जाते. महाराष्ट्रात एसएनडीटी विद्यापीठाचे लीलाबाई ठाकरसी परिचर्या महाविद्यालय १९६४ चे. परिचारिकेला पदवी मिळाली, तिचे शिक्षण शास्त्र झाले, हे उत्तमच झाले. त्यानंतरच्या खासगी लाटेत मात्र क्रम उलटा झाला. आधी संस्था, मग इमारत, मग प्रवेश, आणि रुग्णालय कागदावर.

नियम कागदावर चांगले आहेत. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांनुसार पदवी महाविद्यालयाला स्वतःचे शंभर खाटांचे रुग्णालय हवे आणि एका विद्यार्थ्यामागे तीन रुग्ण हवेत. साठ मुलींच्या एका तुकडीला किती रुग्ण लागतील याचा हिशेब कुणीही करू शकतो, आणि तुकड्या चार असतात. हे निकष पाळले नाहीत की काय होते ते शेजारच्या मध्य प्रदेशने दाखवले. उच्च न्यायालयाच्या आदेशावरून सीबीआयने तीनशेहून अधिक परिचर्या महाविद्यालयांची तपासणी केली आणि ६६ महाविद्यालये अपात्र ठरली. पुढे कहर असा, की मे २०२४ मध्ये अनुकूल अहवालासाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून तपास करणारे सीबीआयचे अधिकारीच पकडले गेले आणि तपासणी पुन्हा करावी लागली. त्या सगळ्यात मुलामुलींच्या परीक्षा वर्षानुवर्षे रखडल्या. विदर्भातून परराज्यात ‘नॉन-अटेंडिंग’ प्रवेश मिळवून देणारे एजंट फिरतात. हजेरीची गरज नाही, परीक्षेला या, पदवी घेऊन जा. ज्या शिक्षणात हजेरीची गरज नाही त्या शिक्षणातून निघालेल्या नर्सच्या हातून आपण आपल्या आईला सलाइन लावून घेऊ का, एवढे तरी बापाने मनाशी विचारावे. नोंदणीच्या टप्प्यावर अडकले की चार वर्षे आणि सगळा पैसा बुडतो, हे वेगळेच.

यात मुलांचाही वाटा वाढतो आहे. वॉर्डातले ‘ब्रदर’ आता कुणाला नवल वाटत नाहीत. मात्र एम्स संस्थांच्या सामाईक भरतीत ८० टक्के जागा स्त्रियांना असतात, हे मुलाने आधीच जाणून घ्यावे. मुलींसाठी आणखी एक दार सैन्याचे आहे. मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसचा चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम पुण्याचे एएफएमसी आणि मुंबईचे अश्विनी रुग्णालय धरून देशातल्या सहा संस्थांत चालतो, जागा २२०, प्रवेश नीटच्या गुणांवरून आणि पुढच्या चाचण्यांतून, फक्त विवाहित नसलेल्या मुलींना. वाशीमच्या मुलींनी हे नाव ऐकलेलेच नसते. ज्यांनी डॉक्टर व्हायच्या आशेने नीट दिलेली असते, त्यांच्या कामाची तर ती हमखास गोष्ट आहे.

घरचा शेवटचा प्रश्न नेहमी आईचा असतो: रात्रपाळी असते का? असते. तिला खोटे सांगू नये. मुंबईच्या केईएम रुग्णालयात नोव्हेंबर १९७३ मध्ये अरुणा शानबाग या परिचारिकेवर तिथल्याच कर्मचाऱ्याने पाशवी हल्ला केला. त्या कधी उठल्या नाहीत. १८ मे २०१५ ला त्या गेल्या, तोवर एक्केचाळीस वर्षांहून अधिक काळ केईएमच्या परिचारिकांनी, आधीच्या निवृत्त झाल्या तशा नव्या आलेल्यांनी, त्यांना सांभाळले. हे उदाहरण आईला घाबरवते, आणि घाबरायला जागा आहेच. म्हणून महाविद्यालयाला विचारायच्या प्रश्नांत हेही धरावे: रात्रपाळीला मुलींची ने-आण कशी होते, वसतिगृह रुग्णालयाच्या आवारात आहे की गावाबाहेर, तक्रार समितीत कोण आहे. उत्तर टाळणाऱ्या संस्थेत मुलगी घालू नये.

वाशीमला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळाले. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. राज्यातल्या ज्या चार जिल्ह्यांना नीती आयोगाने आकांक्षित म्हटले, त्यांपैकी हा एक. इथे आता डॉक्टर घडणार, आणि खाटाही वाढणार. खाटा वाढल्या की त्यांच्याशी जोडून परिचारिका घडवण्याची सोय सरकारी खर्चाने, पुरेशा जागांची व्हावी, ही मागणी जिल्ह्याने लावून धरली पाहिजे. केंद्राने २०२३ मध्ये वैद्यकीय महाविद्यालयांच्या आवारात १५७ परिचर्या महाविद्यालयांची योजना मंजूर केली, प्रत्येकाला दहा कोटी रुपये, तेव्हा त्यामागचा विचार हाच होता: जिथे खाटा आहेत तिथेच शाळा.

ते होईल तेव्हा होईल. ज्यांची मुलगी यंदा बारावीला आहे त्यांनी दिवाळी आटोपली की दोन कामे करावीत. वैधतेचा अर्ज आजवर केला नसेल तर तो करावा. आणि पसंतीक्रमात जी महाविद्यालये टाकायची आहेत त्यांच्या रुग्णालयात एखाद्या मंगळवारी किंवा बुधवारी सकाळी दहा वाजता, आधी न कळवता, जावे. ऑफिसात बसू नये, माहितीपत्रक घेऊ नये. सरळ वॉर्डात जाऊन खाटांवरची माणसे मोजावीत. खाटा रिकाम्या दिसल्या तर ते नाव यादीतून काढून टाकावे.